उस्तादांच्या वाट्याचा भात

समोरून कुणी आलं की आपण आधी त्याच्या तोंडाकडे बघतो. उस्ताद आधी पायांकडे बघत. मग नजर सावकाश गुडघ्यांवर, तिथून कमरेवर, आणि माणूस अगदी जवळ येऊन नमस्कार म्हणाला की मग कुठे तोंडापर्यंत पोचे. नवख्याला वाटायचं, ह्याचा आपल्या चपलांवर डोळा आहे. मलाही वाटलं होतं. पोलादपूरजवळच्या कापडे गावच्या शाळेत इतिहास शिकवायला मी रुजू झालो, त्या सकाळी फाटकात एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस माझ्या पायांवर नजर लावून उभा होता. जवळ गेल्यावर म्हणाला, "उजव्या बुटात खिळा वर आलाय. चावतोय ना?"

खिळा खरंच वर आला होता. महाडहून निघाल्यापासून चावत होता, आणि नोकरीचा पहिला दिवस म्हणून मी तसाच हसतमुखाने चालत होतो.

"तोंड हसतंय," ते म्हणाले, "पन पाय खोटं बोलत नाय."

एवढं बोलून त्यांनी मला पायरीवर बसवलं, बूट काढायला लावला आणि दगडाने खिळा ठोकून दिला. पुढे दहाएक वर्षं मी त्या माणसाबरोबर काढली. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. मुलं, मुख्याध्यापक, एस.टी.चा कंडक्टर, सगळे त्यांना उस्तादच म्हणत. पलटणीच्या ट्रेनिंग सेंटरात रंगरुटांना कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तिथून पेन्शन घेऊन ते गावी बौद्धवाडीत परतले आणि शाळेने त्यांना पी.टी. घ्यायला मानधनावर ठेवलं. बायको पूर्वीच वारली होती, मुलगी लग्न होऊन मुंबईला. घरात ते एकटे आणि भिंतीवर सेंटरचा एक फोटो.

आमच्या शाळेचं मैदान फाटकापासून वर्गांपर्यंत पसरलेलं. आम्ही सगळे ते मधून ओलांडायचो, मुलं, मास्तर, कधी म्हशीसुद्धा. उस्ताद मात्र कडेकडेने चालत, पार वळसा घालून. पाऊस कोसळत असला तरी वळसाच. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांना माझ्या अज्ञानाची कीव आली.

"गुरुजी, परेड ग्राउंड मधनं तुडवत नसतात. सेंटरात अशी रीत नाय. तिथं पाय टाकायचा तो कवायतीला. कर्नलसाहेब असू दे, नायतर भंगी असू दे, कडंनं जायचं."

"पण हे शाळेचं मैदान आहे, उस्ताद."

"पोरं कवायत करतात ना हितं? मग झालं."

मी आपला मधूनच जात राहिलो.

सेंटर हा त्यांच्या बोलण्यातला शेवटचा शब्द असे. चहा पातळ झाला तर "सेंटरात असा चहा दिला असता तर लांगरी आत गेला असता," म्हणजे तिथला स्वयंपाकी. घंटा उशिरा झाली तर शिपायाकडे असं बघत की तो बिचारा पुढच्या तासाची घंटाही आत्ताच देऊन टाकी. मधल्या सुट्टीत आम्ही त्यांना मुद्दाम खाजवून बोलतं करायचो. मी तर जास्तच, कारण माझ्या पुस्तकात लढाया होत्या, सनावळ्या होत्या, पण शिपाई तयार कुठे आणि कसा होतो याबद्दल ओळ नव्हती.

"माझा आजा अनवानी गेलता भरतीला," ते सांगत. "त्याच्या बापानं इंग्रजाची चाकरी केलेली. हा गेला तर गेटवरच अडवला. म्हनाले, तुमच्या जातीची भरती बंद. का बंद? तर साहेबाच्या मनात आलं. माघारी आला तो ह्याच वाटेनं, घाट उतरून. मग लढाई लागली, मानसं कमी पडली, तवा गेट उघडलं. माझा बाप आत गेला. सेंटर तंबूत व्हतं सुरवातीला. ह्या गावातनं त्या गावात हालवलं, मग जुन्या घोडदळाच्या बराकी मिळाल्या. घोड्यांच्या तबेल्यात मानसं झोपली आमची. पन आत झोपली."

हे "आत" ते असं उच्चारत की आम्ही चहाचे कप खाली ठेवायचो.

त्या बराकींभोवती बापाच्या तुकडीने लावलेली कडुनिंबाची झाडं होती, असं ते सांगत. त्यांच्या सावलीत पुढे मुलगा रंगरूट झाला, आणि पुन्हा बऱ्याच वर्षांनी उस्ताद होऊन तिथेच आला. एक भिंत होती, पलटणीतून गेलेल्यांच्या नावांची. नवा रंगरूट आला की उस्ताद पहिल्याच दिवशी त्याला भिंतीपुढे उभा करत आणि आपल्या तालुक्यातली नावं शोधायला सांगत. "सेंटरचं काम काय?" ते विचारत आणि उत्तराची वाट न बघता सांगत, "बंदूक शिकवनं ते कुनीबी शिकवंल. ह्या भिंतीवर नाव कमी लागंल असा पोरगा बनवनं, हे सेंटरचं काम."

असा कडक माणूस शाळेत मात्र भलताच मऊ होता, हे आम्हाला कोडं वाटे. कुणाच्या टाचेला फोड आला, बस. कुणाचा गुडघा दुखतो, बस. मुलं बिलंदर. पी.टी.च्या तासाला निम्मा वर्ग लंगडायचा. एकदा मी म्हटलं, "उस्ताद, ती कारटी तुम्हाला बनवतात."

"म्हाईत हाय. खोटं लंगडनारा पाय बदलून लंगडतो. जाताना डावा, येताना उजवा."

"मग बसवता कशाला?"

"एखादा खरा असंल," ते म्हणाले आणि मैदानाच्या कडेने निघून गेले.

सकाळी नदीकाठच्या माळावर ते गावोगावच्या तरुणांना भरतीसाठी पळवत, फुकट. तिथेही तेच. पाय जरा वाकडा पडलेला दिसला की पोरगा घरी. लोक कुजबुजायचे, उस्ताद म्हातारे झाले, सेंटरातला पीळ गेला.

आता तांदळाचं सांगतो. दिवाळीनंतर झोडणी आटोपली की एका सकाळी उस्ताद खांद्यावर पिशवी घेऊन आमच्या पोलादपूरच्या बिऱ्हाडी येत. "नवा तांदूळ हाय. वयनींना सांगा, पानी बेतानं घाला." दरसाल, न चुकता. त्या भाताचा वास शेजारपर्यंत जाई. माझी बायको म्हणे, माणूस असावा तर असा. आम्ही कधी विचारलं नाही की ह्यांच्या शेताचा तर पत्ता नाही, मग तांदूळ कुठून? फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा इतिहास शोधायला इतिहासाचा शिक्षकसुद्धा जात नाही. पुढे मला कळलं की स्वतः उस्ताद रेशनचा जाडा तांदूळ शिजवून खात.

तांदूळ यायचा विलासच्या आईकडून. विलास म्हणजे कापड्याच्या नाक्यावरचा शिंपी. शाळेचे गणवेश तोच शिवायचा. उजवा पाय चांगलाच आखूड, चालताना अंग एका बाजूला झुके, पण डाव्या पायाने मशीन असं पळवायचा की बघत राहावं. तोही उस्तादांच्याच वाडीतला. एकेकाळी त्यांच्याच हाताखाली सेंटरात रंगरूट होता. ट्रेनिंग संपवून शपथ घेतात ती कसम परेड, त्या परेडच्या दिवशी त्याचं मांडीचं हाड मोडलं आणि मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवलं. ही गोष्ट अख्ख्या खोऱ्याला पाठ होती, कारण त्याची आई ती सांगत असे. पण ती रडत सांगत नसे. मान वर करून सांगे.

"मला खुर्चीवर बसवलं, गो," ती बाजारात बायकांना सांगायची. "साहेबाच्या बायकोच्या बाजूला. भावजींनी बसवलं. माझं पोर बँडावर चालत आलं. हाड मोडलं तरी हाललं नाय, समदं संपस्तवर उभं. आनि मग भावजींनी सोता खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं. दुसरा कोन नेतो?"

भावजी म्हणजे उस्ताद. त्या उपकारापोटी दर सुगीला पहिला तांदूळ त्यांना. आणि उस्ताद तिच्या दारावरून जाताना जी मान खाली घालत, ती मला विनय वाटे. विलासची एकच तक्रार होती. "गुरुजी, सगळ्या तालुक्यानं मला माप दिलं. उस्ताद तेवढे पँट महाडला शिवतात. मी काय वाईट शिवतो?" मी ही तक्रार उस्तादांना पोचवली तर म्हणाले, "माप घ्याया तो खाली बसंल ना. माझ्या पायाशी." आणि विषय बदलला. मला वाटलं, पाय दुखेल बिचाऱ्याचा म्हणून म्हणत असतील.

कारगिलच्या वर्षी आमच्या भागातली घरं रेडिओला कान लावून बसली होती. कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिकडे होतं. मुख्याध्यापकांनी ठरवलं, यंदा पंधरा ऑगस्टला उस्तादांनी सेंटरबद्दल बोलायचं. ते नको नको म्हणत होते. मीच गळ घातली. म्हटलं, मुलांना पुस्तकाबाहेरचा इतिहास कळू दे.

त्या सकाळी पावसाने उघडीप दिली. मैदान चिखलाने बरबटलेलं, म्हणून लोक व्हरांड्यात आणि मुलं पायऱ्यांवर. उस्ताद झेंड्याखाली उभे राहिले आणि इतकं छान बोलले की मला माझ्या सगळ्या तासांची लाज वाटली. बंद गेट, तंबू, तबेले, कडुनिंब, नावांची भिंत. पोरगा आईच्या हातची भाकरी सोडून येतो तेव्हा रात्री उशीत तोंड खुपसून कसा रडतो आणि उस्तादाला ते ऐकू न आल्याचं सोंग कसं करावं लागतं. सेंटरात गाववाला भेटला की त्याला दुप्पट रगडायचं, कारण कुणी म्हणता कामा नये की उस्ताद आपल्या माणसांना सांभाळतो. मुलं हसली. मग ते म्हणाले, "रंगरूट हा आईनं आपल्या हातात दिलेला—"

तेवढ्यात व्हरांड्यातून विलासची आई उठली. हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खरं बोलतात. माझं पोर मी ह्यांच्या हातात दिलं व्हतं. ह्यांच्यामुळं मी त्याची परेड बघितली. ह्यांचं ऋन फिटायचं नाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

उस्तादांनी वाक्य पुरं केलं नाही. झेंड्याला सलाम ठोकला, वळले आणि चालू लागले. थेट मैदानाच्या मधून. चिखलात त्यांच्या बुटांचे ठसे फाटकापर्यंत एका रेषेत उमटत गेले. ते मधून चालल्याचं आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, भावनाविवश झाले. मी त्या ठशांकडे बघत होतो आणि मला ते पटेना.

कार्यक्रम संपल्यावर मी वाडीत गेलो. ते ओट्यावर बसून काडीने बुटांचा चिखल काढत होते. मी शेजारी बसलो. वर न बघता, काडी चालू ठेवूनच ते बोलू लागले.

"आदल्या दिवशी रिहर्सल व्हती. 'थम' म्हटलं की समद्यांच्या टाचा एका वक्ताला आपटतात, आवाज एकच येतो. त्या दिवशीबी एकच आला. पन तिसऱ्या लायनीत विलासच्या खांद्यानं झोका खाल्ला. इवलासा. दुसऱ्या कुनाला दिसला नसता. हाडाला चीर गेली की रंगरूट असा चालतो, गुरुजी. आमाला शिकवलेलं असतं. असा दिसला की सीधा दवाखान्यात धाडायचा. दोन-तीन म्हैने पलंगावर, मग मागच्या ब्याचमदी. हाड जुळतं. काय होत नाय."

"मग?"

"मग काय. विलासची आय, वयनी, येऊन बसली व्हती. महाडच्या पलीकडं कधी न गेलेली बाई, दोन रेल्वे बदलून. गेटवर मीच घ्याया गेलो. आत येताना तिनं गेटला हात लावून कपाळाला लावला. माझ्या आजाला असल्याच गेटवरनं हाकलला व्हता. मी म्हटलं, उद्याचा दिवस. फकस्त उद्याचा. परेड झाली की मीच नेतो त्याला. विलास माझ्याकडं बघत व्हता. त्याला कळलं मला कळलंय. मी तोंड फिरवलं."

काडी मोडली. त्यांनी दुसरी घेतली.

"समद्या नोकरीत गाववाल्याला कधी सांभाळला नाय. एकदाच सांभाळला, गुरुजी. शेवटच्या थमला मोडलं. एवढ्या बुटांच्या आवाजात हाडाचा आवाज कुनाला यायचा? मला आला. आनि ती टाळ्या वाजवत व्हती. आनि आता दरसाल तांदूळ आनते."

तेव्हा मला तांदळाचा इतिहास कळला.

ते म्हणाले, "वयनीला सांगून टाकू काय?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता मला ठाऊक नाही. मी शहाणपणाचं बोललो. म्हटलं, झालं ते झालं, तुम्ही काही वाईट हेतूने केलं नाही. म्हातारीचं एवढं एकच सुख आहे, ती खुर्ची, तो बँड. ते आता हिसकावून काय मिळवायचं? उस्तादांनी ऐकून घेतलं. "तुम्ही शिकलेले," ते म्हणाले. "तुम्ही म्हनता तर ऱ्हाऊ दे." मी घरी आलो तेव्हा मनाला बरं वाटत होतं. आमच्या डब्यात तळाशी तिचा तांदूळ अजून शिल्लक होता, हे माझ्या शहाणपणाशी जोडून बघायचं मला सुचलं नाही.

त्या वर्षीही दिवाळीनंतर पिशवी आली. देताना त्यांनी पाण्याचं सांगितलं नाही, मी बायकोला काही सांगितलं नाही. जेवायला बसलो. पहिल्या घासाला अडखळलो. दुसऱ्याला नाही. तांदूळ चांगला होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माळावर एक भानगड झाली. भरती जवळ आली होती. उस्तादांनी एका तरण्या पोराला पळताना थांबवून घरी पाठवलं, नडगीला चीर दिसते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप भांडायला आला. मी फिरायला म्हणून तिथेच होतो.

"माझा पोरगा म्हनतो दुखत नाय. तुम्ही का अडवता?"

"दुखतंय. लपवतोय तो."

"मग लपवू दे ना. विलास मोडक्या हाडावर उभा ऱ्हायला, त्याची आय छाती फुगवून सांगते. तवा तुम्ही अडवलं नाय. माझ्याच पोराला काय झालं?"

उस्तादांनी माळावर थांबलेल्या पोरांवरून नजर फिरवली, नेहमीसारखी, खालून. मग माझ्याजवळ आले. "गुरुजी, ती गोष्ट वाडीवाडीत फिरतेय. पोरं पाय लपवाया लागली. आता ऱ्हाऊ दे म्हनू नका."

मी म्हटलं नाही.

सुगी झाली. तांदूळ यायच्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. एकट्याने धीर होत नाही असं ते म्हणाले नाहीत. "साक्षीला या" म्हणाले. विलासची आई डोक्यावर पिशवी घेऊन अंगणात आली, उतरवायला वाकली, तोच उस्ताद म्हणाले, "वयनी, खाली ठेवू नको. आदी ऐक."

आणि त्यांनी सांगितलं. अटेन्शनमध्ये उभं राहून, वरच्या साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं. एकही शब्द स्वतःच्या बाजूने घातला नाही. आजोबांचं गेटसुद्धा सांगितलं नाही. मला वाटलं, निदान तेवढं सांगा. मी मध्ये बोलायला गेलो तर त्यांनी हाताने थांबवलं.

बाई तशीच उभी होती, दोन्ही हात डोक्यावरच्या पिशवीला.

"आदल्या दिवशी बघितलं व्हतं तुम्ही?"

"हां."

"दवाखान्यात न्हेला असता तर पाय ऱ्हायला असता?"

"ऱ्हायला असता."

"मी टाळ्या वाजवत व्हते, भावजी," ती म्हणाली. एवढंच. पिशवी तशीच डोक्यावर घेऊन वळली आणि गेली. पायवाटेवर तिचा पाय एकदा घसरला, उस्ताद पुढे झाले आणि मध्येच थांबले.

तिथून ते थेट नाक्यावर गेले. मी मागोमाग. विलास गळ्यात टेप अडकवून मशीनवर होता. सांगायला सुरुवात केली तर त्याने मशीन थांबवलं नाही. बाही पुरी शिवून दोरा तोडला आणि मग म्हणाला, "मला ठाऊक हाय, उस्ताद. तुम्ही बघितलंत ते मी बघितलं. मी मनात म्हनत व्हतो, अडवू नका, आय आलीय."

उस्तादांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाल्यासारखं दिसलं. विलासलाही ते दिसलं असणार.

"पन मी मिसरूड न फुटलेला पोरगा व्हतो," तो म्हणाला. "तुम्ही उस्ताद व्हते."

रस्त्यावरून एस.टी. गेली. धूळ खाली बसली. मग विलास काठीचा आधार घेऊन उठला आणि गळ्यातला टेप काढला. "उभे ऱ्हावा सरळ. पँटचं माप घेतो."

तो खाली बसला, आखूड पाय बाजूला पसरून. त्याने घोट्यापासून माप घेतलं, मांडीचं घेतलं, आकडे स्वतःशीच पुटपुटला. उस्ताद सावधानमध्ये उभे होते, नजर समोर, आणि डोळ्यांतून पाणी मिशांवर उतरत होतं. पुसायला हात हलवला असता तर माप चुकलं असतं.

त्या सालापासून आमच्याकडे तांदूळ आला नाही. उस्तादांनी एकदा स्वतःच विषय काढला. "नाय आला ते बरं झालं, गुरुजी. गळ्यातला फास सुटला." पण सुगीच्या दिवसांत ते सकाळी ओट्यावर बसून पायवाटेकडे बघत असत, हे मी पाहिलेलं आहे. विलासची आई समोरून आली की पदर ओढून दुसऱ्या वाटेला लागे. बाजारात ती खुर्चीची गोष्ट सांगेनाशी झाली. त्याऐवजी ती गोष्ट उस्ताद सांगू लागले. माळावर नवी पोरं आली की पहिल्या दिवशी त्यांना रांगेत उभं करून, आपलं चुकलं ते सगळं. "पाय खोटं बोलत नाय. खोटं बोलला तो उस्ताद." पोरं अवघडून जात. पण लपवायची बंद झाली. विलासने शिवलेली खाकी पँट ते सकाळच्या कवायतीला घालत. तिची इस्त्री कधी मोडली नाही.

बाईचं सुख गेलं ते गेलंच. मी आजही ठरवू शकलेलो नाही की माझा सल्ला चूक होता की त्यांचं सांगणं. एवढं मात्र कळतं की त्यांना जे जड जात होतं ते मला गोड लागत होतं.

एका थंडीत त्यांना छातीत दुखायला लागलं. महाडच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये मी शेजारी होतो. तिथेही त्यांनी स्ट्रेचर आणणाऱ्या वॉर्डबॉयच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "टाच उचलून टाक रे, कंबर जाईल." दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

जलदान विधीला मुंबईहून मुलगी आली होती. वाडीतल्या विहारासमोर मांडव. माळावर पळून भरती झालेले कितीतरी जण रजा काढून आले, काहीजण सेंटरातूनच आले होते. वंदना झाली, लोक त्यांच्याबद्दल बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी सेंटरचा इतिहास बोललो, कडुनिंब आणि नावांची भिंत. बाकीचं माझ्याने बोलवलं नाही. विलास पुढे बसला होता. त्याची आई कुठे दिसत नव्हती.

पंगती बसल्या. पत्रावळीवर आमटी आली, भाजी आली. मग भाताचा वास आला आणि मी वर बघितलं. तो वास मी हजार वासांत ओळखला असता. विलासची आई मोठं भगुलं कमरेवर घेऊन रांगेतून वाढत येत होती. शेजारच्या माणसाने सांगितलं, आजचा सगळा तांदूळ म्हातारीने दिलाय, सकाळपासून चुलीपाशी तीच आहे. उस्तादांची मुलगी तिला म्हणाली, "काकी, बाबा तर तुमचा तांदूळ..."

"खात नव्हते. म्हाईत हाय," म्हातारी म्हणाली. "रेशनचा शिजवायचे. मला पयल्या सालापासनं ठाऊक. म्हटलं, कायतरी सल असंल मनात, जाईल कधीतरी. खातील एक दिवस." तिने मांडवात लावलेल्या फोटोकडे बघितलं. गणवेशातला फोटो होता, फक्त छातीपर्यंत, पाय दिसत नव्हते. "आता नाय म्हनाया तोंड कुठाय त्यांना. त्यांच्या नावानं गाव खाऊ दे."

ती वाढत वाढत माझ्यापुढे आली. मी पत्रावळीवर आडवा हात धरला. खरंच भूक नव्हती.

तिने माझा हात हळूच बाजूला केला आणि भरून भात वाढला.

"खावा, गुरुजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमच्या तर सवयीचा हाय."